आधी मंजुरी की आधी दुरुस्ती? मॅसॅच्युसेट्स १७८८, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कशाबद्दल आहे

अमेरिकेच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, दिवाणी दाव्यात ज्युरीचा हक्क वगैरे पहिल्या दिवसापासून होतं असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. तसं नव्हतं. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जो मसुदा सही होऊन बाहेर पडला त्यात हक्कांची यादीच नव्हती, आणि त्यावरून पुढचं वर्षभर तेरा राज्यांमध्ये जी काही भांडणं झाली त्यातलं सगळ्यात नाजूक भांडण झालं बोस्टनमध्ये, घटनेला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवायला बसलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या परिषदेत, ९ जानेवारी ते ६ फेब्रुवारी १७८८ या चार आठवड्यांत. मी फक्त तेवढंच एक प्रकरण इथे उलगडून बघतोय. कारण माझं मत असं झालंय की अमेरिकेत नागरिकांचे हक्क घटनेत आले ते कुणाच्या जोरदार भाषणामुळे नाही, तर बोस्टनमध्ये निघालेल्या एका तडजोडीमुळे, जी कागदावर बघितली तर अगदीच लेचीपेची होती, आणि जिच्यात हक्क हा मुख्य विषयही नव्हता.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्ययुद्धानंतरची व्यवस्था म्हणजे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. केंद्राला थेट कर लावता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे आणि ते देतील तेव्हा घ्यायचे, आणि काही बदलायचं असेल तर तेराच्या तेरा राज्यं राजी पाहिजेत. म्हणून फिलाडेल्फियाला मंडळी जमली दुरुस्ती करायला आणि बाहेर पडली नवीन घटना घेऊन. नवीन घटनेत त्यांनी स्वतःच नियम घातला की नऊ राज्यांच्या परिषदांनी होकार दिला की त्या नऊ राज्यांपुरती ती लागू. तेराऐवजी नऊ. इथेच अर्ध्या लोकांची सटकली होती.

हक्कांचा विषय फिलाडेल्फियात निघाला होता बरं का. अगदी शेवटी, १२ सप्टेंबर १७८७ ला, व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले की सुरुवातीला हक्कांची यादी जोडली तर लोकांना धीर येईल, काही तासांत तयार होईल. मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी यांनी तसा ठराव मांडला. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन म्हणाले की राज्यांच्या घटनांमध्ये हक्क आहेतच, ते काही रद्द होत नाहीयेत. मतदान झालं आणि हजर असलेल्या दहाच्या दहा राज्यांनी नाही म्हटलं. चार महिने उकाड्यात बसलेली माणसं, घरी जायची घाई, एवढं साधं कारण त्यात होतंच असं मला वाटतं. पाच दिवसांनी ३९ जणांनी सह्या केल्या. मेसन, गेरी आणि एडमंड रँडॉल्फ यांनी हजर असूनही सही केली नाही.

आता मॅसॅच्युसेट्सचं वेगळेपण. या राज्यात १७७८ मध्ये राज्याची पहिली घटना लोकांपुढे ठेवली होती, गावोगावच्या सभांमध्ये मतदान झालं आणि लोकांनी ती धुडकावून लावली, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे तिच्यात हक्कांची यादी नव्हती. मग १७८० ची घटना आली, तिच्या सुरुवातीलाच हक्कांची घोषणा, आणि ती पास झाली. म्हणजे 'हक्क कुठे आहेत?' हा प्रश्न विचारायची सवय या लोकांना दहा वर्षं आधीच लागलेली. फिलाडेल्फियातल्या मंडळींना निदान याच्यावरून तरी अंदाज यायला हवा होता.

दुसरी गोष्ट शेज बंडाची (पुढारी डॅनियल शेज). १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जात आणि करात बुडालेले शेतकरी कोर्टं बंद पाडायला लागले, जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, आणि गव्हर्नर बोडन यांनी ते बंड मोडून काढलं, सैन्याचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून दिला. त्या काळात राज्यानं हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावायचा हक्क, स्थगित केला होता, बंडात सामील झालेल्यांचा मतदानाचा हक्क काही काळ काढून घेतला होता. त्यानंतरच्या निवडणुकीत बोडन आपटले आणि जॉन हँकॉक गव्हर्नर झाले, त्यांनी बहुतेकांना माफी दिली. म्हणजे परिषदेत बसलेल्या कितीतरी लोकांसाठी हक्क हा विषय वर्षभरापूर्वी आपल्याच तालुक्यात घडलेला होता. शेजच्या बाजूनं असलेले वीसेक जण तर स्वतः डेलिगेट म्हणून निवडून आले होते, आणि बंड मोडणारा जनरल बेंजामिन लिंकनही त्याच सभागृहात!

अडचण काय होती

जानेवारी १७८८ उजाडला तेव्हा डेलावेअर, पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि जॉर्जिया यांनी मंजुरी दिली होती, परिषद सुरू झाली त्याच दिवशी कनेक्टिकटनंही दिली. पाच झाले. पण मॅसॅच्युसेट्ससारखं मोठं राज्य, जिथून स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, ते नाही म्हणालं असतं तर व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कमधल्या विरोधकांना आयतं बळ मिळालं असतं.

आणि पारडं विरोधकांकडे झुकलेलं होतं. ३६४ डेलिगेट निवडले गेले, ज्यात मेनचेही होते कारण मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग. बोस्टन आणि किनाऱ्यावरचे व्यापारी, वकील, पाद्री घटनेच्या बाजूनं. आतली शेतकरी गावं, वुस्टर काउंटी वगैरे विरोधात. गेरी स्वतः निवडूनच आले नाहीत, फक्त प्रश्नांना उत्तरं द्यायला बोलावलं होतं, त्यात एकदा समर्थक डेलिगेट फ्रान्सिस डेना यांच्याशी वाजलं आणि ते रागावून निघून गेले.

विरोधकांचा मुद्दा आणि समर्थकांचं उत्तर दोन्ही नीट समजून घ्यायला पाहिजेत, कारण समर्थकांचं उत्तर वरवर बघता हुशार होतं. पेन्सिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी ६ ऑक्टोबरच्या भाषणात ते मांडलं होतं: राज्यांकडे सगळे अधिकार असतात म्हणून तिथे हक्क राखून ठेवावे लागतात, केंद्राला मात्र जेवढं दिलं तेवढंच मिळतं, छापखान्यावर बंदी घालायचा अधिकार दिलाच नाहीये तर मग बंदी घालू नका असं लिहायचं कशाला? पुढे न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टननी त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की यादी केली तर उलट धोका, जे यादीत नाही ते सरकारचं असा अर्थ निघेल.

यावर विरोधकांनी जे उत्तर दिलं ते माझ्या मते त्या वर्षभरातलं सगळ्यात भारी उत्तर आहे. ते म्हणाले, अहो, तुमच्याच मसुद्यात लिहिलंय की हेबिअस कॉर्पस सहजासहजी स्थगित करता येणार नाही, गुन्हा घडून गेल्यावर त्यासाठी नवा कायदा करता येणार नाही, फौजदारी खटल्यात ज्युरी असेल. न दिलेले अधिकार आपोआप राखीव असतील तर हे तीन कशाला लिहिले? आणि हे लिहायची गरज वाटली तर बाकीचे का सोडले? याला समर्थकांकडे धड उत्तर नव्हतं, आणि सामान्य डेलिगेटला ते बरोबर कळत होतं.

पण खरी भीती कशाची होती? सटन गावचे एमोस सिंगलेटरी २५ जानेवारीला उठले आणि म्हणाले की हे वकील, हे शिकलेले, हे पैसेवाले, किती गोड बोलतात, आपल्यासारख्या अडाणी गरिबांना गोळी गिळायला लावतात, आणि एकदा सत्ता आणि पैसा हातात आला की आम्हा लहान माणसांना गिळून टाकतील. म्हणजे भीती होती करांची, दूरच्या कोर्टाची, शहरातल्या लोकांची. हक्कांची भाषा त्या भीतीला मिळालेलं एक सभ्य रूप होतं. हे मी कमी लेखायला म्हणत नाहीये, पण पुढे काय झालं ते कळायला हे लक्षात ठेवायला लागेल.

त्याच दिवशी लेन्सबरोचे जोनाथन स्मिथ उठले, तेही शेतकरीच. म्हणाले मी नांगर धरून पोट भरणारा माणूस, भाषणाची सवय नाही, पण गेल्या वर्षीचं बंड मी माझ्या भागात बघितलंय, तेव्हा सरकार नावाचं काहीही दिसलं असतं तरी लोकांनी ते धरलं असतं, अगदी एखादा हुकूमशहासुद्धा. घटनेची प्रत मिळाल्यावर मी ती परत परत वाचली, कुठल्या वकिलाकडे विचारायला गेलो नाही, आणि मला ती पटली. त्या चार आठवड्यांत याच भाषणाचा सर्वात जास्त परिणाम झाला असेल असं मला वाटतं, कारण सिंगलेटरींना वकिलानं उत्तर देऊन उपयोग नव्हता.

पुढ्यात कोणते पर्याय होते

सरळ मंजुरी: मतं नव्हती, विषय संपला. ती रेटली असती तर हरले असते.

सरळ नकार: विरोधकांतले कडवे याच बाजूचे, पण नकारानंतर पुढे काय, याचा आराखडा कुणाकडेच नव्हता. दुसरी परिषद बोलवा असं म्हणणारे होते. पण सगळी राज्यं पुन्हा एकत्र बसली तर मागच्यापेक्षा चांगलंच काहीतरी निघेल याची गॅरंटी कोण देणार?

तहकूब करा, बाकीची राज्यं काय करतात ते बघू: हा पर्याय फार मोहाचा होता आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरनं फेब्रुवारीत नेमकं तेच केलं, जूनपर्यंत लांबवलं. बोस्टनमध्ये ५ फेब्रुवारीला तहकुबीचा ठराव आला तो ३२९ पैकी ११५ मतं मिळून पडला.

अटीवर मंजुरी: आधी या दुरुस्त्या करा, मगच आमचा होकार. विरोधकांना हेच पाहिजे होतं आणि नैतिकदृष्ट्या हेच बरोबर वाटतं, म्हणजे करारावर सही करायच्या आधीच कलमं दुरुस्त करून घेणार ना आपण! पण व्यवहारात प्रॉब्लेम असा की पाच राज्यांनी एका मजकुराला होकार दिलेला, मॅसॅच्युसेट्स दुसऱ्याच मजकुराला होकार देणार, व्हर्जिनिया तिसऱ्याला. मग मंजूर नक्की काय झालं? पुढे जुलैमध्ये न्यूयॉर्कला असंच काहीतरी करायचं होतं, बाहेर पडायचा हक्क राखून मंजुरी, तेव्हा व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसननी, जे घटनेच्या मसुद्यामागचे एक प्रमुख होते, हॅमिल्टनला स्पष्ट कळवलं की घटना स्वीकारायची तर अख्खी आणि कायमची.

पाचवा पर्याय: बिनशर्त मंजुरी द्यायची, पण त्याच ठरावात दुरुस्त्यांची शिफारस जोडायची आणि आपल्या राज्याच्या काँग्रेस प्रतिनिधींना बजावायचं की या मिळवण्यासाठी सर्व ताकद लावा. याचा कायदेशीर बंधनकारकपणा शून्य. विरोधकांनी हे लगेच पकडलं, त्यांचं म्हणणं की या परिषदेला दुरुस्त्या सुचवायचा अधिकारच नाही आणि शिफारस म्हणजे नुसता शब्द, सत्ता एकदा हातातून गेली की परत मागून मिळत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

समर्थकांनी, म्हणजे फेडरलिस्टांनी, पहिली शहाणपणाची गोष्ट केली ती १४ जानेवारीच्या आसपास: कलम-कलम चर्चा झाल्याशिवाय मतदान नाही, असं ठरवून घेतलं. त्यांना वेळ पाहिजे होता. पेन्सिल्व्हेनियात त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी उलटं केलं होतं. कोरम भरेना म्हणून दोन आमदारांना जमावानं त्यांच्या मुक्कामावरून उचलून सभागृहात आणून बसवलं, आणि डिसेंबरमध्ये रॉबर्ट व्हाइटहिल यांनी १५ दुरुस्त्या मांडल्या तर त्या कामकाजाच्या नोंदीतसुद्धा घेतल्या नाहीत. मंजुरी मिळाली ४६ विरुद्ध २३, पण अल्पमतवाल्यांनी आपलं म्हणणं छापून देशभर पसरवलं आणि कार्लाइल गावात दंगल झाली. बोस्टनवाल्यांना हे सगळं माहीत होतं.

दुसरं काम हँकॉकना वळवायचं. ते परिषदेचे अध्यक्ष निवडले गेले होते, पण गाऊटचं दुखणं सांगून घरीच. कामकाज न्यायाधीश विल्यम कुशिंग चालवत होते. समर्थक डेलिगेट रुफस किंग यांनी केंद्राचे युद्धसचिव हेन्री नॉक्सना पत्रात लिहिलंय त्याचा मथितार्थ असा की कुठल्या बाजूला बहुमत आहे ते एकदा दिसलं की यांची तब्येत बरोबर सुधारेल. हँकॉक म्हणजे लोकप्रिय माणूस, शेज बंडवाल्यांना माफी देणारा गव्हर्नर, त्यामुळे आतल्या गावांचा ज्या मोजक्या बड्या लोकांवर विश्वास होता त्यातले ते एक. तर बोडन गटानं त्यांना सांगितलं की पुढच्या निवडणुकीत आम्ही तुमच्या विरोधात उभे राहत नाही, आणि व्हर्जिनिया घटनेत आली नाही तर तिथले वॉशिंग्टन अध्यक्ष होऊ शकणार नाहीत, मग तुमच्याशिवाय आहे कोण? सौदाच होता, सरळ सरळ. किंगनी तो पत्रात लिहूनही ठेवलाय म्हणून आपल्याला कळतो.

३० जानेवारीला हँकॉकना सभागृहात आणलं गेलं, ३१ ला त्यांनी नऊ दुरुस्त्यांचा प्रस्ताव स्वतःचा म्हणून मांडला. मसुदा बहुतेक समर्थक वकील थिओफिलस पार्सन्स यांचा होता. स्वातंत्र्यलढ्यातले जुने पुढारी सॅम्युअल ॲडम्स लगेच पाठिंब्याला उभे राहिले. ॲडम्सचं महत्त्व असं की डिसेंबरमध्ये त्यांनीच पत्रात लिहिलं होतं की या इमारतीच्या उंबऱ्यालाच मला ठेच लागली, राज्यांच्या संघाऐवजी राष्ट्रीय सरकार दिसतंय. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. बोस्टनच्या कारागिरांनी, ज्यांच्यात पॉल रिव्हिअरही होते, ग्रीन ड्रॅगन नावाच्या खानावळीत सभा घेऊन घटनेला पाठिंबा जाहीर केला, आणि हे कारागीर म्हणजे ॲडम्सचे हक्काचे मतदार. आणि परिषद चालू असतानाच, १७ जानेवारीला, त्यांचा डॉक्टर मुलगा वारला. त्याचा त्यांच्या गप्प राहण्याशी किती संबंध हे कोण सांगणार, पण ३१ जानेवारीपर्यंत ते जवळजवळ बोललेच नाहीत.

२५ जणांच्या कमिटीनं प्रस्ताव थोडा घासूनपुसून परत आणला. आता त्या नऊ दुरुस्त्यांमध्ये काय होतं ते बघा, कारण लोक हे वाचतच नाहीत. जे अधिकार स्पष्टपणे केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतील. दर ३०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी. निवडणुकांच्या नियमांत काँग्रेसनं उगाच नाक खुपसायचं नाही. जकात आणि अबकारी पुरत नसेल तरच थेट कर, तोही आधी राज्यांकडे मागून. व्यापारी कंपन्यांना मक्तेदारी द्यायची नाही. छोट्या रकमांचे दावे केंद्रीय कोर्टात न्यायचे नाहीत. परदेशी राजांच्या पदव्या घ्यायच्या नाहीत. आणि नागरिकाच्या हक्कांचं म्हणाल तर दोनच: गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आरोपाशिवाय खटला नाही, आणि दिवाणी दाव्यात ज्युरी. भाषण नाही, छापखाना नाही, धर्म नाही, झडती नाही!

६ फेब्रुवारीला, शेवटच्या दिवशी, ॲडम्सना हे खटकलं असावं. त्यांनी अचानक आणखी दुरुस्त्या मांडल्या: वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, विवेकाचं स्वातंत्र्य, शस्त्रं बाळगणं, बेकायदा झडतीपासून संरक्षण. आणि सभागृहात घबराट पसरली, कारण कुंपणावरच्या लोकांना वाटलं की ज्याअर्थी ॲडम्ससारखा माणूस हे मागतोय त्याअर्थी या घटनेत खरंच हे सगळं धोक्यात असणार. ॲडम्सनी प्रस्ताव मागे घेतला, तर एका विरोधकानं तोच उचलून पुन्हा मांडला, आणि ॲडम्सना स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध मत द्यायची वेळ आली. नंतर अमेरिकेत ज्या गोष्टी पवित्र मानल्या गेल्या त्यातल्या बऱ्याचशा त्या सकाळी बोस्टनमध्ये मतदानानं पडल्या होत्या.

संध्याकाळी मोजणी: बाजूनं १८७, विरोधात १६८. दहा जणांनी बाजू बदलली असती तर खेळ खलास. वुस्टर काउंटीत ७ विरुद्ध ४३, बोस्टनच्या सफोक काउंटीत ३४ विरुद्ध ५.

निर्णयाच्या दोन जागा, जिथे मी थांबतो

एक, डेलिगेटनं गावाचं ऐकायचं की स्वतः ठरवायचं? काही गावांनी आपल्या माणसाला आदेश देऊन पाठवलं होतं की विरोधातच मत द्या. सँडविच गावच्या एका डेलिगेटनं असा आदेश आल्यावर राजीनामा दिला, की चर्चा न ऐकताच मत ठरलेलं असेल तर मी जायचं कशाला. हा तात्त्विक किस्सा वाटतो, पण समर्थकांची सगळी स्ट्रॅटेजी यावरच होती: लोक ऐकून मत बदलू शकतात हे गृहीत धरल्याशिवाय चार आठवडे चर्चेला अर्थच नव्हता.

दोन, हरल्यावर काय करायचं. निकाल लागल्यावर विरोधकांतले अब्राहम व्हाइट उठले आणि म्हणाले मी विरोध केला, पण बहुमतानं ठरलंय तर मी गावी जाऊन लोकांना शांततेनं राहायला सांगेन. मेनकडचे विल्यम विजरी यांनीही तसंच सांगितलं. पेन्सिल्व्हेनियाशी तुलना करा आणि कळेल की हे आपोआप घडलेलं नाही. इथे त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं होतं, ठरावात नोंदलं गेलं होतं, घरी जाऊन दाखवायला हातात नऊ कलमांचा कागद होता.

निकाल

बोस्टनचा फॉर्म्युला मेरीलँड सोडून पुढच्या बहुतेकांनी उचलला. मे मध्ये साउथ कॅरोलायना, २१ जूनला न्यू हॅम्पशायर म्हणजे नववं राज्य, २५ जूनला व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, २६ जुलैला न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७, सगळ्यांनी मंजुरी अधिक शिफारसी असंच केलं. व्हर्जिनियानं मात्र हक्कांची वेगळी मोठी यादीच जोडली, तिथे घटनेचे कडवे विरोधक पॅट्रिक हेन्री आणि मेसन बसले होते ना. नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड बाहेरच थांबले.

आता वचन कुणी पाळायचं? कायद्यानं कुणीच बांधील नव्हतं. इथे राजकारण कामाला आलं. हेन्रींच्या प्रभावाखालच्या व्हर्जिनिया विधिमंडळानं मॅडिसनना सिनेटमध्ये पाठवलं नाही, आणि प्रतिनिधी सभेसाठी असा मतदारसंघ आखला की समोर जेम्स मन्रो आणि मतदार घटनेबद्दल साशंक. त्या भागात बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक बरेच, आणि त्यांना धर्मस्वातंत्र्य लिहून हवं होतं. जे मॅडिसन खासगीत हक्कांच्या यादीला चर्मपत्राची भिंत म्हणत होते, म्हणजे बहुमतानं ठरवलं तर सहज ओलांडता येणारी, त्यांनी जानेवारी १७८९ मध्ये जॉर्ज ईव्ह नावाच्या बॅप्टिस्ट पाद्र्याला लिहून दिलं की मी दुरुस्त्यांच्या बाजूनं आहे. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी निवडून आले. दुसरीकडून पॅरिसहून तिथले अमेरिकी राजदूत थॉमस जेफरसन पत्रांतून टोचत होतेच, त्यांचा मुद्दा असा की हक्क लिहिलेले असतील तर न्यायालयाच्या हातात काहीतरी येतं.

८ जून १७८९ ला मॅडिसननी दुरुस्त्या मांडल्या. आणि चलाखी बघा: राज्यांनी पाठवलेल्या ढिगातून त्यांनी कर, निवडणुका, मक्तेदारी या सरकारच्या ताकदीला हात लावणाऱ्या सूचना बाजूला ठेवल्या आणि मुख्यतः व्यक्तीच्या हक्कांच्या उचलल्या. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला थेट करावर लगाम हवा होता, त्याला मिळालं भाषणस्वातंत्र्य. त्याच्या पहिल्या मागणीतला 'स्पष्टपणे' हा शब्द दहाव्या दुरुस्तीत घालायचा प्रयत्नही सभागृहानं हाणून पाडला, आणि १८१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राचे अधिकार मोठे वाचले तेव्हा तो शब्द तिथे नाही हेच कारण दिलं. विरोधकांना ही फसवणूक वाटली आणि त्यांचं अगदी चूक नव्हतं.

२५ सप्टेंबर १७८९ ला बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या, दहा १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या. गंमत म्हणजे मॅसॅच्युसेट्सनं त्यांना औपचारिक मंजुरी द्यायचं काम पूर्ण केलं ते १९३९ मध्ये.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय १२ सप्टेंबरला होता. मेसनचे काही तास दिले असते तर वर्षभराचा सर्वात मोठा आक्षेपच उरला नसता. पण मग एक गोष्ट हरवली असती असं मला वाटतं: घाईत केलेली ती यादी राज्यांच्या जुन्या घोषणांची नक्कल झाली असती, आणि 'यादीत नाही म्हणून हक्क नाही असं समजू नये' ही नववी दुरुस्ती तिच्यात आली असती का याबद्दल मला शंका आहे, कारण ती वर्षभराच्या वादातून, विल्सन-हॅमिल्टनच्या आक्षेपाला उत्तर म्हणून आलीये.

बोस्टनच्या ठरावात मुदत घालता आली असती. पहिल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात हा विषय घ्यावाच, एवढं जरी सगळ्या राज्यांनी एका भाषेत लिहिलं असतं तरी वचन एका माणसाच्या निवडणुकीवर टांगलेलं राहिलं नसतं. मॅडिसन मन्रोंकडून हरले असते तर काय, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो.

ॲडम्सची वेळ चुकली. तेच मुद्दे ३१ जानेवारीला किंवा कमिटीत मांडले असते तर नऊच्या यादीत दोन ऐवजी पाच-सहा हक्क बसले असते, शेवटच्या सकाळी ते बॉम्बसारखे पडले.

सभागृहात कोण नव्हतं हेही बघायला पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधूनच लेखिका मर्सी ओटिस वॉरन यांनी 'कोलंबियन पेट्रियट' या टोपणनावानं घटनेवर टीका लिहिली, हक्कांची यादी नाही हा मुद्दा त्यात ठासून होता, आणि कित्येक वर्षं लोक ते लिखाण गेरींचं समजत होते. आणि गुलामगिरी: परिषदेत त्यावर बोलणारे होते, १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीला हात लावता येणार नाही या कलमावर लोक चिडले होते, पण नऊ दुरुस्त्यांमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. ते टाकलं असतं तर दक्षिणेतली राज्यं गेली असती, हा हिशोब सगळ्यांना माहीत होता.

शेवटची त्रुटी मला सगळ्यात मोठी वाटते. मॅडिसनच्या मूळ प्रस्तावात असं होतं की विवेकस्वातंत्र्य, छापखाना आणि फौजदारी ज्युरी यांचा भंग राज्यांनीही करायचा नाही. ते त्यांना सर्वात मोलाचं वाटत होतं. सिनेटनं ते कापलं. म्हणजे हक्क फक्त केंद्राविरुद्ध. बाल्टिमोरच्या बॅरन नावाच्या धक्का-मालकाला याचा फटका बसला: शहरानं रस्त्यांची कामं करताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, त्याच्या धक्क्यापाशी गाळ साचून जहाजं लागेनात, त्यानं पाचव्या दुरुस्तीखाली भरपाई मागितली आणि १८३३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की ती दुरुस्ती तुझ्या शहराला किंवा राज्याला लागूच नाही. यादवी युद्धानंतर राज्यांवरच बंधन घालणारी १८६८ ची चौदावी दुरुस्ती आली, आणि त्यानंतरही एकेक हक्क राज्यांना लागू करायला कोर्टाला विसावं शतक पुरलं.

आपल्याकडे हा वाद राज्यांच्या परिषदांमध्ये गेलाच नाही, संविधान सभेनंच २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली आणि मूलभूत हक्क आधीपासून तिसऱ्या भागात होते. तिथे कलम १२ मध्ये 'राज्यसंस्था' म्हणजे कोण ते आधीच सांगून टाकलंय: केंद्राचं सरकार आणि संसद, प्रत्येक राज्याचं सरकार आणि विधिमंडळ, नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्था, सगळे आले. आणि कलम ३२ नं थेट सुप्रीम कोर्टाचं दार उघडं ठेवलं, ज्याला डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. बॅरनच्या वकिलाला यातलं एक कलम मिळालं असतं तरी पुरलं असतं.